अर्ध्या मात्रेचे गाव

आलेखाला दोन उंचवटे असायला हवे होते, आणि मोरवेळच्या आलेखाला एकच होता.

डॉ. वसुधा तारी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मालवणच्या किनारी आरोग्य संशोधन केंद्रातली तिची खोली दुपारी झडपा मिटून घेत असे. बाहेर उन्हाचा भोंगा वाजून गेला होता. आता ऊन कलेपर्यंत रस्त्यावर, वाळूवर, होडीत कुणी काम करायचे नाही. भिंतीवरच्या पडद्यावर सहा गावांचे आलेख ओळीने उभे होते. पाच गावांत दोन टेकड्या आणि मध्ये दरी. सहाव्यात दरीच्या जागीच टेकडी, जणू कुणी दोन्ही टेकड्या खणून त्यांची माती मध्ये आणून ओतली होती.

मोरवेळ तिचे जन्मगाव.

गेल्या काही वर्षांत या किनाऱ्यावरचे ऊन प्रकाश राहिले नव्हते, वजन झाले होते. त्याखाली काम करणाऱ्या माणसाचे रक्त घामाने दाटत जाते, आणि मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक नलिका, ज्या जन्मभर मीठ आणि पाणी यांच्यात निवाडा करत बसलेल्या असतात, त्या तहानेने होरपळतात. होरपळलेली जागा भरून येते ती व्रणाने. व्रण गाळत नाही, निवडत नाही, नुसता असतो. जुन्या रक्ततपासणीला हे फार उशिरा कळे. आकडा वाढेपर्यंत निम्मे मूत्रपिंड मुके झालेले असे.

वसुधाच्या गटाने त्या मुकेपणाआधीची हाक शोधली होती. मरणाच्या वाटेवरची पेशी आपल्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन सोडून देते, बुडणाऱ्याने हात वर करावा तसे. ते लघवीत उतरते. शास्त्राच्या कोशातले त्याचे नाव लांबलचक आणि आकड्यांनी भरलेले होते. केंद्रात सगळे त्याला ‘आर्तिन’ म्हणत. आर्तिन चढले की कुठेतरी नलिका जळते आहे. उतरले की आग शमते आहे.

आग शमवणारे औषधही आता दाराशी आले होते. किनाऱ्यावरच्या सहा गावांत त्याची चाचणी चालू होती. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला कोणती, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, देणाऱ्याला नाही, बाटल्यांवरच्या नुसत्या संकेतांकांवरून आर्तिन मोजणाऱ्या वसुधालाही नाही. तिचा थोरला भाऊ जगन्नाथ मोरवेळच्या लोकांत आहे, हे तिने पहिल्याच बैठकीत सांगून टाकले होते. खऱ्या गोळीवरच्या माणसांची टेकडी खाली सरकणार, पोकळ गोळीवरच्यांची वर राहणार. नावे न कळताही औषध काम करते की नाही ते आलेखाच्या आकारातूनच दिसणार. पाच गावांत ते दिसत होते, लखलखीत.

तिने मोरवेळचे नमुने पुन्हा मोजले. टेकडी जागची हलली नाही. मग तिने त्याच नमुन्यांत दुसरी एक गोष्ट शोधली, व्रण वाढताना त्यातून झडणारे कोलॅजनचे तुकडे. ते पाहून तिने पेन खाली ठेवले. आर्तिन निम्म्यावर आले होते. तुकडे मात्र औषध मुळीच न मिळालेल्या माणसांइतकेच होते. सगळ्यांचे. हाक दबली होती, आग तशीच होती.

दुसऱ्या सकाळी ती गावात उतरली तेव्हा रापण किनाऱ्याला लागत होती. होडीने समुद्रात जाळ्याचे अर्धवर्तुळ टाकलेले, त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर, आणि प्रत्येक दोरावर मागे झुकलेली माणसे. इतकी एकजीव, की लांबून पाहणाऱ्याला समुद्रच त्यांना ओढतो आहे असे वाटावे.

“इली गो आमची डाक्टरीण!” दोर न सोडता इनास फर्नांडिस ओरडला. तो जगन्नाथच्या वयाचा, त्याचा जन्माचा सोबती. “बाटल्ये पुरे पडूक नाय काय? आता मूत नेवक सोताच इलंस?”

“तुजा नेवन काय करू, इनासमामा? त्येत निम्मी फेणी आसतली.”

“निम्मीच? मगे तुज्या मशीनीत कायतरी बिघाड हा.”

दोरावरची सगळी माणसे हसली आणि हसण्याच्या त्या झोकातच जाळे हातभर पुढे आले.

मासळी वाळूवर आली. तारली, पेडवे, चार सौंदाळे. रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, जगन्नाथ; त्याने ढीग पाडले. मग एक जण ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे पाहत उभा राहिला, जगन्नाथ एकेका ढिगावर बोट ठेवून विचारू लागला, “ह्यो कोणाचो?” आणि पाठमोरा माणूस नाव घेऊ लागला. पहिला वाटा अंथरुणाला खिळलेल्याचा, मग दोराला हात लावलेल्याचा वाटा, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, नवरा समुद्रात गेलेल्या बाईचा वाटा. वसुधाला कित्येकदा वाटे, चाचणीची ती आंधळी रचना आपल्याला पुस्तकात भेटण्याच्या खूप आधी याच वाळूवर भेटली होती: न्याय नीट व्हायचा तर न्याय करणाऱ्याचे डोळे दुसरीकडे हवेत.

ढीग उचलले गेले, तरी माणसे हलली नाहीत. वसुधाची वहिनी शेवंता घरातून एक मोठा टोप घेऊन आली आणि वाळूवर ठेवून बाजूला झाली. प्रत्येकाने खिशातून केंद्राची डबी काढली, त्या दिवसाची गोळी टोपात टाकली. जगन्नाथने हात घालून टोप ढवळला. पाठमोरा माणूस पुन्हा समुद्राकडे वळला.

“दादा, ह्यां काय चल्ला हा?”

“वाटे.”

“कसले?”

“तुज्या गोळयांचे.” जगन्नाथने तिच्याकडे पाहिले, त्या पाहण्यात लपवाछपवी नव्हती, थोडा अभिमानच होता. “तुमच्याच माणसान सांगल्यान. अर्ध्यांक खरी गोळी, अर्ध्यांक पोकळ. बरा. मगे एका दोराक हात लावणाऱ्यांत एक वाचतलो आणि दुसरो बघत रवतलो? आमच्यात तसा चलणा नाय. सगळ्यो एकत्र करताव, ढवळताव, एकेक घेताव. आज पोकळ इली तर उद्या खरी येतली. कोणच रिकामो रवणा नाय.”

“कधीपासून?”

“पयल्या दिसापासून.”

वसुधा वाळूवर बसली. काल रात्रभर तिच्या मनात अनेक शंका येऊन गेल्या होत्या: बिघडलेले रसायन, उन्हात तापलेल्या बाटल्या, अदलाबदल झालेले संकेतांक. आपल्या माणसांचा चांगुलपणा आलेखावर असा दिसतो, ही शंका तिला शिवलीही नव्हती. तिला भावाचा राग यायला हवा होता, पण जे आले त्याला राग म्हणता येत नव्हते. त्याने जगातली सर्वांत जुनी आणि सर्वांत चांगली गोष्ट केली होती, आणि ती चुकली होती.

“दादा, रापण ओढताना मधीच दोर सैल सोडलो तर काय होता?”

“जाळा तळ सोडता. मासळी खालसून जाता.”

“अर्धी जाता?”

जगन्नाथचा हात टोपावर थांबला. “सगळी जाता.”

“ह्या औषधाचा तसाच आसा.”

मग तिने सावकाश सांगितले. शरीरात एक कळ आहे. ती उघडी राहिली की जखमेचा व्रण होत जातो. गोळी ती कळ दाबून धरते, एक दिवस, फार तर थोडे अधिक. दुसऱ्या दिवशी गोळी आली नाही तर कळ पुन्हा वर येते आणि राहिलेले काम दुप्पट वेगाने उरकते. सलग धरले तरच धरले. मासळी वाटली तर प्रत्येकाच्या कालवणाला चव येते. हे औषध वाटले तर कुणाच्याच शरीरात उरत नाही. आर्तिन निम्म्यावर उतरले, म्हणून तर तिचीही फसगत होणार होती.

“मगे इतके म्हयने आमी काय गिळलाव?” इनासने विचारले. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

“काय नाय, मामा.”

लाटेने येऊन टोपाला हात लावला आणि ती मागे गेली. शेवंताच तेवढी पुढे झाली. “वसू, ह्येंचे पाय बघ. सांजेक सुजतत. कोणाक सांगणत नाय.”

“तू गप रव गो,” जगन्नाथ म्हणाला. पण त्याने पाय मागे घेतले नाहीत. वसुधाने घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि भरून यायला त्याने वेळ घेतला. ते पाहताना तिच्यातली शास्त्रज्ञ आणि तिच्यातली बहीण एकाच वेळी एकच हिशेब करत होत्या: दादाजवळ फार काळ नाही.

चाचणीच्या प्रमुख डॉ. इंदुमती हर्डीकर पुण्याहून पडद्यावर आल्या, तेव्हा वसुधाने सगळे सांगितले. एकही गोष्ट मऊ केली नाही.

“गाव वगळावं लागेल,” हर्डीकर म्हणाल्या. “तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं ते.”

“कळतं, मॅडम. आजपर्यंतचे आकडे वगळा. माणसं वगळू नका.”

“म्हणजे?”

“वगळली तर त्यांना औषध मिळणार मान्यता आल्यावर. तोवर त्यांच्यातल्या काहींची मूत्रपिंडं राहणार नाहीत. त्यांना नव्याने सुरू करू द्या, पण नियम बदलून. आर्तिन आणि कोलॅजनचे तुकडे, दोन्ही एकत्र पाहिले तर कोण घसरतोय ते आपल्याला काही आठवड्यांत कळतं. पूर्वी यालाच वर्षं लागायची, म्हणून पोकळ गोळीवरच्या माणसाला वर्षानुवर्षं थांबवावं लागायचं. आता कशाला थांबवायचं? एक रेषा ठरवू. ज्याची दोन्ही मापं ती ओलांडतील, त्याला त्या दिवसापासून उघडपणे खरी गोळी. किती जण रेषेपलीकडे गेले आणि किती लवकर, यावरूनच औषधाचा निकाल लागेल.”

“सांख्यिकीवाले माझा जीव खातील,” हर्डीकर म्हणाल्या. आणि वसुधाला कळले की त्या मनात पाने उलटू लागल्या आहेत. “शक्य आहे. सहाही गावांना लावता येईल. पण वसुधा, त्यांनी परत टोपात ओतलं तर?”

“तो प्रश्न गावाला विचारते.”

“तुझा भाऊ तिथे आहे, आणि मोजणारी तू. या नव्या नियमात हे चालणार नाही.”

“मोरवेळचे नमुने वेंगुर्ल्याला पाठवा. मी त्यातून बाहेर पडते.”

“शोध तुझा. आणि त्याचा सगळ्यांत मोठा आलेख दुसऱ्याच्या पडद्यावर उमटणार.”

“उमटू दे की,” वसुधा म्हणाली. “उमटला म्हणजे झालं.” बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आले की हे वाक्य तिला अजिबात जड गेले नव्हते.

नैतिक समितीची संमती येईपर्यंत टोप पालथा पडून होता. ती आली त्या दिवशी, ऊन कलल्यावर, गाव सुरूच्या बनात जमले. वसुधाने नवा नियम सांगितला. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा निम्म्यांना खरी, निम्म्यांना पोकळ, आणि ज्याची त्याने, सबंध, रोज. ज्याला हे नको त्याने आजच डबी परत द्यावी. त्याचे उपचार केंद्र करील, त्याच्यावर राग नाही.

“म्हणजे परत तांच,” जगन्नाथ म्हणाला. “अर्धी माणसां पोकळ गोळयेर.”

“पण रेषा आसा, दादा. कोण घसराक लागलो तर थोड्या आठवड्यांत कळतला.”

“आणि तवसर?”

“तवसर थांबूचा.”

“थंडगार खोलीत बसान ‘थांबा’ सांगूक काय जाता गो?” इनास म्हणाला.

“त्या खोलीतसून मी भायर पडलंय, मामा. मोरवेळचो आलेख माका आता दिसणा नाय. दादा खंयच्या गोळयेर आसा, ता तुका जितक्या म्हायत तितक्याच माका.”

इनासने मान खाली घातली. जगन्नाथने घातली नाही. “वसू, तू हुशार आसस. पण ह्यो दोर हुशारीन ओढलेलो नाय. उद्या इनास पोकळ गोळयेर आणि मी खऱ्या. तेच्या शेजारी उभो रवान मी कसो ओढू? तेच्या तोंडाकडे कसो बघू?”

वसुधा आयुष्यात जे काही शिकली होती ते रेणूंविषयी होते. आणि रेणूंना शेजारी नसतो.

उत्तर शेवंताने दिले. ती माणसांच्या मागे, एका खोडाला टेकून उभी होती.

“ह्या वाळयेर रापणी किती?”

“दोन. आमची आणि मेथरांची,” कुणीतरी म्हणाले.

“आज आमची, उद्या मेथरांची. परवा परत आमची. बरोबर मां? त्येंच्या दिसाक तुमी काय करतास? माडाखाली बसतास. त्येंका मासळी लागली तर लागली. कधी तुमी जावन म्हटलास, अर्धा जाळा आमका द्या? दोन रापणी एकदम घातल्यो तर काय होता?”

“गुतागुत,” इनास पुटपुटला. “दोनव फुकट.”

“मगे? वाटो आसता मासळीक. जाळ्याक पाळी आसता. वसू सांगता ता मासळी न्हय, जाळा. तुमी इतके जाणते, आणि जाळ्याचे तुकडे करून वाटलास.”

सुरूच्या पानांतून वारा गेला. जगन्नाथने बायकोकडे बराच वेळ पाहिले. तिला बोलताना पहिल्यांदाच पाहतो आहे असे. मग त्याने पुढे होऊन वसुधाच्या पुढ्यातली एक बंद डबी उचलली, तिच्यावरचा आपला संकेतांक वाचला आणि ती सदऱ्याच्या खिशात घालून वर बटण लावले. त्याच्यामागून इनास उठला. मग एकेक करून सगळे. पाठमोरे उभे राहण्याची गरज कुणालाच पडली नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर वेंगुर्ल्याच्या केंद्रातली परिचारिका मोरवेळला आली. रेषा ओलांडलेले पहिलेच नाव तिने वाचले: जगन्नाथ तारी. दोन्ही मापे वर. आजपासून खरी गोळी.

वसुधा त्या दिवशी रजा घेऊन घरी आलेली होती. नाव ऐकताच तिने मनातल्या मनात आठवडे मोजले. दादा इतके आठवडे पोकळ गोळीवर होता. पण ते आज कळले होते, आजच, अजून धरता येईल अशा वेळी. तिने शोधलेल्या त्या क्षुद्र प्रथिनाने हात वर केला होता आणि कुणीतरी तो पाहिला होता.

ओसरीवर जगन्नाथने परिचारिकेने दिलेले गोळीचे पाकीट हातात घेतले, उघडले नाही. समोर इनास बसला होता. जगन्नाथने पाकीट त्याच्याकडे सरकवले.

“आदी तू.”

“दादा!” वसुधा म्हणाली.

“वाटे घालणारो आपलो वाटो शेवटाक उचलता, वसू. आमच्या बापाशीन तसाच केल्यान, आज्यान तसाच. सगळ्यांची पाळी झाल्यार मी घेयन.”

तिने आजवर भावाशी कधी वर आवाज केला नव्हता. आताही केला नाही. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आणि लहानपणी तो तिच्याशी बोले तसे, शब्द सुटे करून बोलली.

“ह्यो वाटो तू घालूक नाय. मी घालूक नाय. तुज्या मूत्रपिंडान घातल्यान. थंय तू तांडेल न्हय, थंय तू सगळ्यांत आजारी माणूस. आणि सगळ्यांत आजारी माणसाक पयलो वाटो मिळता, ह्यां माका तूच ह्या वाळयेर शिकयलंस.”

“गीळ रे मेल्या,” इनास म्हणाला. “माजी रेषा अजून लांब आसा. तू गेलंस तर ढिगांर बोट कोण ठेवतलो? माका तर मोजूकव येणा नाय.”

शेवंताने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. जगन्नाथने पाकीट फोडले. पिवळी गोळी तळहातावर घेऊन तो पाहत राहिला. तिचे तुकडे होण्यासारखे नव्हते, ढीग होण्यासारखे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात अशी वस्तू आली होती जी कुणाला देता येत नव्हती; आणि ती नुसती आपली म्हणून घेण्यासाठी त्याला जे बळ लागले, ते समुद्राने भरलेले जाळे ओढतानाही लागले नसेल.

त्याने ती गिळली. तांब्या उचलून पाणी प्यायला, थांबला, पुन्हा प्यायला.

“आणखी पाणी हाड,” रिकामा तांब्या बायकोपुढे धरून तो म्हणाला.